ज्योतिर्विद कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे अल्पचरित्र

आमच्या धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाची तयारी चालू असता धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी आम्हांस दोन प्रश्न विचारले. पहिला असा की, नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टरचा सण कधी मार्चात तर कधी एप्रिलात असा का हिंडतो? दुसरा प्रश्न शेजारच्या घरातून आलेला होता. मकरसंक्रांत १४ जानेवारीची असे आजीच्या तोंडून ऐकलेले. परंतु अलीकडे कित्येक वर्षी ती १५ तारखेस पडते, हे कसे? हे दोन प्रश्न वरवर निरनिराळे दिसले तरी मुळाशी प्रश्न एकच आहे. सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या गतीशी मनुष्याने आपल्या वर्षाचा मेळ कसा घालावा, हा तो प्रश्न होय. पंचवीस वर्षे पूर्ण झाली असे म्हणून आपण उत्सव करतो, तेव्हा वर्ष म्हणजे किती दिवस हे कोणीतरी आपल्यासाठी आधीच मोजून ठेवलेले असते. त्या मोजणीत ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी एक थोर पुरुष लातूरच्या शेजारी बार्शी येथे शाळामास्तर होते. त्यांचे चरित्र या प्रसंगी वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म इ. स. १८५३ च्या जुलै महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड या गावी झाला. हे मुरूड दापोलीनजीकचे, समुद्रकाठचे. लातूरहून बार्शीस जाताना वाटेत लागणारे आपले मुरूड नव्हे, हे येथे सांगून ठेवणे अवश्य आहे. गावच्या मराठी शाळेतून पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले, आणि तेथे शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून १८७४ साली मॅट्रिकची परीक्षा उतरले. यापुढे विद्यापीठाची कोणतीही पदवी त्यांच्या नावापुढे लागली नाही. त्यांच्याजवळ वेधशाळा नव्हती, मोठी दुर्बीण नव्हती, वेतनही शिक्षकाला मिळते तेवढेच. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुणे अशा ठिकाणी बदलीप्रमाणे ते शिकवीत राहिले. दिवसा मुलांस शिकवावे आणि उरलेल्या वेळात जुन्या पोथ्या, गणिताची कोष्टके व आकाश यांचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता.

बार्शी हे त्या काळी इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात मोडत असे, आणि लातूर व नांदेड ही निजामाच्या राज्यात होती. बार्शीची छोटी आगगाडी १८९७ साली सुरू झाली व १९११ साली लातूरपर्यंत आली. दीक्षित तेथे होते तेव्हा तिचा मागमूसही नव्हता. बैलगाडीने कापूस घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या त्या गावात राहून हा शिक्षक हजारो वर्षांच्या ग्रहणांचा आणि तिथींचा हिशेब करीत होता, हे मनात आणले म्हणजे विद्येस राजधानीच पाहिजे असे नाही, याची खातरी पटते.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न समजण्यासाठी त्या काळच्या पंचांगांची स्थिती थोडी सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात पंचांगे बहुधा गणेश दैवज्ञ यांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून करीत. हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० चा. ज्या-चापांच्या कोष्टकांवाचून, साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रह काढण्याची सोय त्यात असल्यामुळे तो गावोगावच्या जोशांच्या हाती गेला. परंतु कितीही चांगले घड्याळ साडेतीनशे वर्षे न मिळविता चालू ठेवले तर ते जसे चुकेल, तसेच याही गणिताचे झाले. पंचांगात लिहिलेली ग्रहणाची वेळ आणि डोळ्यांस दिसणारी वेळ यांत अंतर पडू लागले. कै. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या गणितावरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग काढविले, ते याच कारणाने.

पण दीक्षितांच्या मते दोष याहून खोल होता. पृथ्वी आपल्या आसाभोवती फिरता फिरता, मंदावलेला भोवरा डोलतो त्याप्रमाणे अत्यंत हळू डोलत असते. हा एक डोल पुरा होण्यास सुमारे २५,८०० वर्षे लागतात. त्यामुळे वसंत ऋतूत दिवस-रात्र समान होतात त्या वेळी सूर्य ज्या ताऱ्यांपाशी असतो, ते स्थान सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकते. यास ज्योतिषात अयनचलन म्हणतात. यामुळे वर्षाची दोन मापे होतात. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो ते नाक्षत्र वर्ष. आणि एका वसंतसंपातापासून दुसऱ्या वसंतसंपातापर्यंत होते ते ऋतूंचे, म्हणजे सायन वर्ष. पहिले दुसऱ्याहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. सूर्यसिद्धांताचे वर्ष तर सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे. ही वीस-चोवीस मिनिटे क्षुल्लक वाटतात खरी. परंतु साठ-सत्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. आपली चालू पंचांगे नाक्षत्र वर्षास धरून चालतात. दीक्षितांच्या बालपणी, १८६३ साली, मकरसंक्रांत १२ जानेवारीस होती. आता ती १४ व १५ तारखांस येते. आणि सूर्याचे खरे उत्तरायण तर २२ डिसेंबरच्या सुमारासच सुरू होऊन गेलेले असते. मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच होय.

मराठवाड्यातील शेतकऱ्यास हे मृग नक्षत्रावरून लवकर समजेल. आज मृग ७ किंवा ८ जूनच्या सुमारास निघतो, आणि आमचा कुणबी आभाळाकडे पाहून तिफण सज्ज करतो. पण पाऊस मृगाच्या ताऱ्यांमुळे पडत नाही. तो सूर्याच्या उत्तरेकडील वाटचालीने व ऋतुमानाने पडतो. हिशेब केला तर दीड हजार वर्षांपूर्वी सूर्य मृगात मे महिन्याच्या मध्यास जात असे, आणि आणखी दोन हजार वर्षांनी तो जुलैत जाईल. तेव्हा मृगाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याची पेरणी महिनाभर मागे पडेल. पंचांग ऋतूंपासून असे सुटत जाऊ नये, म्हणून महिने व सण सायन वर्षास बांधावेत, असे दीक्षितांचे मत होते. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक या विद्वानांबरोबर ते सायन पंचांगाच्या पक्षात उभे राहिले आणि तसे पंचांग प्रसिद्धही होऊ लागले.

हे मत लोकांस रुचले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दिवशी सण केला तो दिवस तीन आठवड्यांनी अलीकडे आणा असे सांगणे सोपे नसते. ज्यांच्याविषयी प्रेम व आदर आहे त्यांच्याच चालीरीतीत हिशेबाची चूक आहे असे म्हणावे लागले, म्हणजे मनुष्य दोहोंकडून कात्रीत सापडतो. आपल्या लोकांस तो परका वाटू लागतो आणि परक्यांस तो आपला वाटत नाही. दीक्षित स्वतः परंपरेचा अभिमान बाळगणारे होते. तिची थट्टा करणाऱ्यांत ते कधी गेले नाहीत. परंतु अभिमानासाठी गणित वाकविण्यासही ते तयार झाले नाहीत.

ख्रिस्ती वाचकांस हा प्रसंग अपरिचित वाटू नये, कारण आपल्या घरातही तो घडलेला आहे. ज्यूलियन पंचांगात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरीत. ते ऋतूंच्या वर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. निसेआची धर्मपरिषद इ. स. ३२५ मध्ये भरली तेव्हा २१ मार्चच्या सुमारास असलेला वसंतसंपात सोळाव्या शतकात ११ मार्चवर येऊन ठेपला. ईस्टरचा सण तर संपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा त्याचा नियम आहे; चंद्राशी बांधलेला असल्यामुळेच तो हिंडतो. संपात सरकला म्हणजे ईस्टरही आपल्या ऋतूतून सरकणार. तेव्हा लुइजी लिलिओ नामक वैद्याच्या योजनेवरून आणि येशूसंघाचे गणिती ख्रिस्तोफर क्लाविउस यांच्या साह्याने पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांग सुधारले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. मधले दहा दिवस पंचांगातून गळाले. पोपांनी काढलेले पंचांग म्हणून इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारले नाही. मात्र हे सांगताना आम्ही गर्व करावा असेही नाही. ज्या ख्रिस्तसभेने पंचांग सुधारले, तिच्याच न्यायासनाने १६३३ साली गॅलिलिओस दोषी ठरविले, आणि त्या बाबतीत चूक झाल्याचे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जाहीरपणे मान्य केले. मध्ये साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली.

आता पुन्हा आपल्या चरित्रनायकाकडे वळू. १८८८ साली गुप्त राजांच्या शिलालेखांचा फ्लीटसाहेबांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुप्तांच्या शकाचा आरंभ कोणत्या वर्षी, याविषयी विद्वानांत फार मतभेद होता. शिलालेखात तिथी, वार व वर्ष दिलेले असते. ती तिथी त्या वाराशी कोणत्या वर्षी जुळते हे गणिताने काढले, म्हणजे शकाचा आरंभ सापडतो. हे किचकट गणित दीक्षितांनी करून दिले, आणि गुप्त शकाचा आरंभ इ. स. ३१९-२० हा निश्चित होण्यास त्याचे मोठे साह्य झाले. पुढे रॉबर्ट स्युएल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १८९६ साली लंडनमध्ये निघाला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या हिंदू व मुसलमानी तिथी-तारखा इसवी सनात आणण्याची कोष्टके त्यात आहेत. आपल्या नांदेड जिल्ह्यात कंधार व होट्टल येथे जुने शिलालेख आहेत. अशा लेखांतील शकाची इंग्रजी तारीख काढावयाची झाल्यास अभ्यासकास जी वाट चालावी लागते, ती बांधणाऱ्यांत हा मराठी शिक्षक होता.

१८८९ च्या सुमारास दीक्षित धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात गेले. १८९२ साली त्यांचे ज्योतिर्विलास हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रात्रीची दोन घटका मौज असे त्याचे दुसरे नावही त्यांनी ठेवले होते, आणि त्या नावातच त्यांचा हेतू दिसतो. पंडितांकरिता न लिहिता, अंगणात बसून आकाश पाहणाऱ्या साध्या मराठी माणसास ग्रह, नक्षत्रे, आकाशगंगा व सूर्यमाला यांची ओळख गोड भाषेत करून द्यावी, यासाठी ते लिहिले. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात मराठवाड्यातील घरोघरची माणसे माळवदावर अंथरूण टाकीत, आणि झोप येईपर्यंत वडील माणसे मुलांस सप्तर्षी व बाज दाखवीत. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागातील ती माळवदे पुष्कळ कमी झाली, आणि गावातले दिवे वाढल्यामुळे तारेही मंदावले. परंतु दोन घटका वर पाहण्यास पैसा लागत नाही, ही त्या पुस्तकाची शिकवण अद्याप जुनी झालेली नाही.

त्यांचा सर्वांत थोर ग्रंथ म्हणजे भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास. दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर बक्षीस लावले होते. त्या निमित्ताने आरंभिलेले काम वाढत वाढत १८९६ साली मोठ्या ग्रंथाच्या रूपाने पुण्यात प्रसिद्ध झाले. वेदकाळापासून आपल्या स्वतःच्या काळापर्यंत या देशात ज्यांनी ज्यांनी आकाश मोजले, त्यांचे ग्रंथ, काळ, गावे व घराणी यांचा त्यात शोध घेतलेला आहे. मराठवाड्यातील वाचकांस त्यात आपली माणसे भेटतील. गोदावरीच्या खोऱ्यातील पार्थपूर, म्हणजे आजचे पाथरी, येथील ज्ञानराज यांनी शके १४२५, इ. स. १५०३ मध्ये सिद्धांतसुंदर हा ग्रंथ रचला. जवळच गोदेच्या उत्तर तीरावरील गोलग्रामी दिवाकर यांचे घराणे होते. त्याच वंशातील कमलाकर यांनी पुढे काशीस राहून इ. स. १६५८ मध्ये सिद्धांततत्त्वविवेक लिहिला आणि ध्रुवतारा अगदी निश्चल नाही हे नमूद केले. जी गोदावरी नांदेडच्या घाटांवरून वाहते, तिच्याच काठी वरच्या अंगास पिढ्यान्‌पिढ्या हे गणित चालू होते, ही गोष्ट आमच्या किती मुलांस ठाऊक आहे?

या अभ्यासातील त्यांचा एक शोध विशेष प्रसिद्ध आहे. शतपथब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे सांगितलेले आहे. आज आपल्या भागात कृत्तिकांचा पुंजका बरोबर पूर्वेस उगवत नाही. तो पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे उगवतो. दीक्षितांनी विचार केला की, लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहून लिहिले असेल, तर त्या काळी कृत्तिका विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. अयनचलनाचे गणित उलट चालवून त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे असा काढला. या अनुमानावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि सर्व विद्वानांनी ते मान्य केले असे नाही. परंतु ग्रंथातील एका लहानशा वाक्यास आकाशात नेऊन तपासावे, ही रीत शिकण्यासारखी आहे.

१८९४ पासून दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे जेथे स्वतः शिकले तेथेच, शिक्षक होते. इतिहासाचा ग्रंथ व इंग्रजी ग्रंथ एकाच वर्षी बाहेर आले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पंचांगाच्या वादात त्यांचा पक्ष त्यांच्या हयातीत जिंकला नाही. लोकांनी निरयन पंचांगच चालू ठेवले, आणि धार्मिक सणांपुरते ते आजही चालू आहे. तथापि देश स्वतंत्र झाल्यावर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणेची समिती नेमण्यात आली, आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी लागते. म्हणजे ते ऋतूंचे, सायन वर्ष आहे. दीक्षितांस जाऊन तेव्हा एकोणसाठ वर्षे झाली होती.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? इस्राएल लोकांत पन्नासावे वर्ष जुबिलीचे मानीत. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाई आणि दास मोकळे होत. म्हणजे जुबिली हा केवळ आनंदाचा सोहळा नव्हता. सरकत सरकत वाकडा झालेला हिशेब सरळ करण्याचे ते वर्ष होते. दिवसाला पडणारा फरक कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्षाकाठी वीस मिनिटे सरकणारे पंचांग बाप-आज्यांच्या हयातीत बरोबरच वाटते. धर्मग्रामाचेही तसेच आहे. पंचवीस वर्षांत कोणत्या गोष्टी आम्ही केवळ सवयीने चालू ठेवल्या, कोणाचे ऐकावयाचे राहिले, कोणते घर हळूहळू आमच्यापासून दूर गेले, हे रोजच्या धांदलीत दिसत नाही. त्यात पहिली चूक धर्मगुरूची, म्हणजे आमचीच, असण्याचा संभव आहे, आणि ती दाखविणाऱ्याचा आम्ही राग मानू नये, एवढे तरी हे चरित्र लिहिताना आम्हांस उमजले.

मुलांस आमचे सांगणे आहे की, येत्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी वडिलांस घेऊन गच्चीवर जावे. अंधार पडल्यावर पूर्वेकडे, थोडे उत्तरेच्या अंगास, ताऱ्यांचा एक लहानसा घोस वर येताना दिसेल. त्याच कृत्तिका होत. त्या नेमक्या पूर्वेस का नाहीत, हे घरातल्या सर्वांस समजावून द्यावे. आणि ज्या बार्शीच्या मास्तरांनी मराठी माणसाकरिता हा हिशेब लिहून ठेवला, त्यांचे नाव त्या वेळी अवश्य घ्यावे.